गन कुणाच्या हातात?

गेले दोन-तीन महिने आमच्या घरात 'गन' हा शब्द इतक्या वेळा उच्चारला गेला की शेजारच्या काकूंनी शेवटी आईला जिन्यात गाठून विचारलंच, "सगळं ठीक आहे ना हो घरात?" ठीक आहे, अगदी ठीक आहे. गन म्हणजे रंग मारायची गन, आणि तीही जाडसर पेनाएवढी. दुकानातलं तिचं नाव एअरब्रश. गन हा बाबांचा शब्द, त्यांच्या कारखान्यातला. तोच घरात रुळला.

पहिला एअरब्रश कुठला घ्यावा या एका प्रश्नावर मी जेवढा विचार केला, तेवढा लग्न ठरवतानाही केला नसेल. (नवरा हे वाचतो. वाचू दे. :-)) त्या विचाराचं शेवटी काय झालं ते लिहून ठेवावं म्हणून ही पोस्ट. थोडी लांबलीये. चहा घेऊन बसा.

छंद माहीत नसलेल्यांसाठी, म्हणजे आमचे जवळपास सगळे मामा, आत्या आणि मावश्या यांच्यासाठी, आधी थोडं सांगते. मी प्लॅस्टिकच्या विमानांच्या छोट्या प्रतिकृती जोडते. डब्यात सुटे भाग येतात. ते चौकटीतून कापायचे, घासायचे, चिकटवायचे आणि रंगवायचे. माझी बहुतेक विमानं १/७२ मापाची आहेत. म्हणजे खऱ्या विमानावरचे ७२ सेंटिमीटर माझ्या टेबलावर एक सेंटिमीटर होतात. मिग-२१ च्या पंखांचा विस्तार सुमारे ७.१५ मीटर. माझ्याकडे तो जेमतेम १० सेंटिमीटर, तळहातावर मावेल एवढा.

आतापर्यंत मी साध्या ब्रशानेच रंगवत आले. वैमानिकाचं हेल्मेट, टायर, कॉकपिटमधली बटणं, याला ब्रशच लागतो आणि पुढेही लागेल. पण पंखांसारख्या मोकळ्या जागेवर गणित आडवं येतं. समजा, ब्रशाने दिलेल्या दोन-तीन हातांचा थर मिळून एक दशांश मिलिमीटर झाला. ऐकायला काहीच नाही. पण त्याला ७२ ने गुणा. खऱ्या विमानावर तो सात मिलिमीटरचा लेप होतो! म्हणजे विमानाला रंग दिलेला नाही, गिलावा केलाय. पत्र्याच्या जोडांच्या ज्या नाजूक रेषा प्लॅस्टिकवर कोरलेल्या असतात, त्या या गिलाव्याखाली बुजून जातात.

दुसरी भानगड कॅमोफ्लाजची. हिरवा आणि तपकिरी जिथे मिळतात तिथली कड खऱ्या विमानावर फवाऱ्याने आलेली असते, त्यामुळे ती किंचित धूसर असते. ही धूसर पट्टी सात सेंटिमीटरची धरली तर माझ्या विमानावर ती एक मिलिमीटरची हवी. ब्रशाने ती काढताना भल्याभल्यांचे डोळे पांढरे होतात. एअरब्रशला ते सोपं जातं, कारण तो पृष्ठभागाला टेकतच नाही. आत एक बारीक सुई असते. ती मागे सरकली की नोझल उघडतं, वेगाने जाणारी हवा रंगाला ओढून घेते आणि त्याचे तुषार पुढे जाऊन बसतात. शाळेत आपण जुना टूथब्रश रंगात बुडवून कंगव्यावर घासायचो आणि पानांचे ठसे काढायचो, आठवतंय? त्याचाच हा शिकून नोकरीला लागलेला भाऊ.

बरं, घ्यायचा म्हटलं तर प्रकार किती!

पहिला भेद सिंगल अ‍ॅक्शन आणि डबल अ‍ॅक्शन. आईला मी तो रांगोळीवरून समजावला. रांगोळीची भोकांची नळी असते ना, ती फिरवली की ठरल्या जाडीची रेघ येते, कमी-जास्त काही नाही. ते सिंगल अ‍ॅक्शन. रंग किती यायचा ते स्क्रू फिरवून आधीच ठरवायचं, मग बटण दाबलं की हवा आणि रंग एकदमच सुरू. आणि चिमटीने रांगोळी काढताना बोटं किती उघडायची ते आपण हात फिरवता फिरवताच ठरवतो, त्यामुळे तीच रेघ इथे जाड, तिथे बारीक होते. ते डबल अ‍ॅक्शन. बटण खाली दाबलं की नुसती हवा, तेच बटण मागे ओढलं की रंग, आणि जेवढं ओढाल तेवढा जास्त. आई म्हणाली, "मग चिमटीचाच घे. नळीची रांगोळी काय रांगोळी असते?" अनुभवी लोकही हेच सांगतात, फक्त जास्त शब्दांत.

दुसरा भेद रंग कुठून येतो याचा. वर छोटी वाटी असली तर रंग वजनाने आपोआप खाली उतरतो, चार थेंब असले तरी काम होतं आणि हवेचा दाबही कमी पुरतो. खाली बाटली असली तर हवेला रंग वर खेचावा लागतो, पण मोठ्या कामाला एकाच वेळी भरपूर रंग मिळतो. तिसरा भेद नोझलचा. ०.२ मिलिमीटर बारीक रेघांसाठी, पण जरा रंग घट्ट झाला की चोंदतो. ०.५ प्रायमर आणि मोठ्या जागांसाठी. ०.३ च्या आसपासचं मधलं, सगळ्याला चालणारं.

तर नवशिक्याला सगळीकडून मिळणारा सल्ला असा: डबल अ‍ॅक्शन, वरची वाटी, ०.३ चं नोझल आणि ज्याचे सुटे भाग सहज मिळतात तो. सल्ला उत्तम आहे. मी तो कागदावर लिहून फ्रीजवर चिकटवला होता.

आता बाबांबद्दल.

१९६४ साली नाशिकजवळ ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा कारखाना मिग-२१ बांधण्यासाठी उभा राहिला. विमानाचा सांगाडा ओझरला, इंजिन ओडिशात कोरापूटला आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणं हैदराबादला, अशी कामाची वाटणी होती. बाबा आयटीआय करून १९७२ मध्ये तिथल्या पेंट शॉपमध्ये लागले आणि २००७ मध्ये निवृत्त झाले. आम्ही भावंडं ओझरच्या टाउनशिपमध्ये वाढलो. डोक्यावरून विमान गेलं की आमच्या बाई वाक्याच्या मध्येच थांबायच्या आणि आवाज ओसरला की त्याच शब्दापासून पुढे सुरू करायच्या. बाबांच्या शर्टाला थिनरचा वास यायचा. बाबांचा वास असाच असतो, असं मला बरीच वर्षं वाटत होतं.

गेली सहा-सात वर्षं बाबांचे हात थरथरतात. पार्किन्सन नाही. डॉक्टरांनी याला इसेन्शियल ट्रेमर असं नाव सांगितलं. पार्किन्सनमध्ये हात मुख्यतः स्वस्थ पडलेला असताना थरथरतो. यात उलटं असतं. मांडीवर ठेवलेला हात अगदी शांत, पण काही करायला उचलला की थरथर सुरू. आणि कप ओठांजवळ आला, पेन कागदाजवळ आलं, म्हणजे जिथे नेमकेपणा हवा नेमक्या तिथे ती वाढते. गोळ्यांनी थोडा फरक पडतो, पूर्ण जात नाही.

हे मी इथे लिहू का, असं बाबांना विचारलं. ते म्हणाले, "लिही. एकदाच सगळ्यांना कळेल, मला दरवेळी सांगावं लागणार नाही." म्हणून नातेवाईक मंडळींनो, नीट वाचा. बाबा तुमच्याकडच्या लग्नांत, मुंजींत जेवत नाहीत आणि "आज उपास आहे" म्हणतात, तेव्हा ते रागावलेले नसतात आणि उपासही नसतो. आमटीची वाटी उचलली की ती शर्टावर सांडणार हे त्यांना माहीत असतं. गेल्या दिवाळीत एका घरी 'आता यांना आमचं जेवण चालत नाही वाटतं' असं कुणीतरी म्हणालं. बाबांनी ते ऐकलं होतं. बटणांचे शर्ट जाऊन गोल गळ्याचे टी-शर्ट आले, वहीत हिशेब लिहिणं थांबलं, शब्दकोडं आता आई लिहिते आणि बाबा तोंडी सांगतात. यातली प्रत्येक गोष्ट इतकी हळू झाली की त्या सगळ्यांची बेरीज कुणी केलीच नाही.

२६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ ला हवाई दलाने निरोप दिला. १९६३ पासूनची ६२ वर्षांची सेवा संपली. आम्ही तो सोहळा टीव्हीवर पाहिला. विमानांवर दोन्ही बाजूंनी पाण्याच्या फवाऱ्यांची कमान धरली होती. बाबा सोहळाभर गप्प होते. शेवटी एवढंच म्हणाले, "करड्यावर पाणी पडलं की रंग एक शेड गडद दिसतो." मी त्याच आठवड्यात मिग-२१ चा डबा मागवला. आणि डबा आल्यावर, कितीतरी महिन्यांत पहिल्यांदा, बाबांनी आपणहून एक प्रश्न विचारला. "गन कुठली घेणार?"

मी फ्रीजवरचा कागद दाखवला. त्यांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला आणि मान डोलावली.

गावातल्या एका ओळखीच्या छंदिष्टाने त्याचा एअरब्रश एका दुपारपुरता वापरायला दिला. अगदी त्या कागदावरच्या वर्णनाचा, उत्तम जपलेला. मी वर्तमानपत्रावर दहा-बारा रेघा मारल्या. मग बाबांच्या हातात दिला. पेनासारखा धरायचा, तर्जनी वरच्या बटणावर, खाली दाबायचं आणि तसंच दाबून ठेवून मागे ओढायचं. एकाच बोटाची दोन निरनिराळी कामं, तीही हात अधांतरी. थरथर त्या बोटात उतरली की बटण मागे-पुढे व्हायचं आणि रंग कधी येई, कधी थांबे. रेघ तोतरी आली. बाबांनी आणखी दोन मारून पाहिल्या, मग गन हळूच खाली ठेवली आणि म्हणाले, "तू मार. मी बघतो."

मागच्या सहा वर्षांत हे वाक्य मी निदान शंभरदा ऐकलं असेल. बल्ब बदलताना, दाराची कडी बसवताना, आकाशकंदील करताना. "तू कर, मी बघतो."

त्या रात्री मी फ्रीजवरचा कागद पुन्हा वाचला. त्यात नोझल होतं, वाटी होती, अ‍ॅक्शन होती. हात नव्हता. सल्ले देणारे सगळे एक शांत, तरुण, उजवा हात गृहीत धरून बोलत होते. त्यांचं चूक नाही, बहुतेक हात तसेच असतात. पण आमच्या घरात ही गन दोन हात धरणार होते, आणि त्यातल्या ज्या हाताला रंग मारण्याचा ३५ वर्षांचा अनुभव होता, त्यालाच ती धरता येत नव्हती. मग मी शोध उलट्या टोकाने सुरू केला. आधी हात, मग गन.

तेव्हा कळलं की पिस्तुलासारख्या घोड्याचेही एअरब्रश असतात. इवाटा, स्पारमॅक्स, ग्रेक्स अशा कंपन्या ते करतात. यात वरचं बटण नसतं, खाली घोडा असतो. तो थोडा ओढला की हवा, त्याच दिशेने आणखी ओढला की रंग. दोन हालचालींची एकच हालचाल झाली. शिवाय गन बोटांच्या टोकांत न राहता मुठीत बसते आणि दुसऱ्या हाताने मनगट धरायला जागा मिळते. काही एअरब्रशना मागे आणखी एक छोटा स्क्रू असतो. तो फिरवून सुई जास्तीत जास्त किती मागे जाईल याला मर्यादा घालता येते. बोट दचकलं तरी रंगाचा लोंढा येत नाही. हे जाणकारांना जुनंच असेल, पण पहिल्या खरेदीच्या सल्ल्यांत माझ्या वाचण्यात ते कुठे आलं नव्हतं. मी घोड्याची, ०.३५ नोझलची, मागे स्क्रू असलेली आणि वाटीला झाकण असलेली गन घेतली. झाकण महत्त्वाचं. थरथरत्या हातात उघडी वाटी म्हणजे आमटीचीच गोष्ट.

घेण्याआधी आणखी एक काम केलं. पेणच्या आत्याकडे गेले होते, तेव्हा तिच्या ओळखीच्या एका मूर्तिकारांच्या कारखान्यात जाऊन बसले. महाराष्ट्रात रोज उठून गन चालवणारी माणसं कुठे असतील, तर गणपतीच्या कारखान्यांत. अंगाच्या रंगाला मोठी गन, पितांबराच्या चुण्यांत सावली द्यायला छोटी. तास-दीड तास मी नुसती बघत होते. डोळ्यांची आखणी मात्र गन बाजूला ठेवून बारीक ब्रशानेच. काका म्हणाले, "ताई, गन कुठलीही घ्या. संध्याकाळी आधी गन धुवायची, मग हात." त्यांच्या खणात कागदाच्या पुडीत सुया ठेवलेल्या होत्या. गन तोंडावर पडली की पहिली सुई वाकते आणि वाकडी सुई असली की रंग एका बाजूला थुंकतो. म्हणून मी गनेबरोबरच एक जादा सुई आणि एक जादा नोझल मागवून घेतलं. ज्या गनेची सुई वेगळी विकत मिळत नाही ती गन एकदाच पडू शकते, हे लक्षात ठेवा.

यानंतरचा भाग बाबांनी ताब्यात घेतला. "गन स्वस्त घेतलीस तरी चालेल, हवा स्वस्त घेऊ नकोस," हे त्यांचं सूत्र. हवा म्हणजे कॉम्प्रेसर. त्यांच्या मते त्यात तीन गोष्टी बघायच्या. एक, टाकी हवी, छोटी तीन लिटरची का होईना. टाकी नसली की पंपाच्या ठोक्याबरोबर हवाही धडधडते, टाकी असली की प्रवाह सलग राहतो आणि मोटरलाही मध्येमध्ये विश्रांती मिळते. दोन, दाब कमी-जास्त करायचा रेग्युलेटर आणि काटा. गाडीच्या टायरमध्ये आपण ३०-३२ पीएसआय भरतो, विमानाच्या प्रतिकृतीला त्याच्या निम्म्यावर, १५ ते २० ला काम होतं. तीन, पाणी अडवणारी बाटली. हवा दाबली की तिच्यातली वाफ पाणी होऊन नळीत उतरते आणि रंगाबरोबर थेंब बाहेर पडतो. नाशिकच्या उन्हाळ्यात हे लक्षातही येणार नाही, पावसाळ्यात पहिल्याच दिवशी येईल.

जुन्या फ्रीजचा कॉम्प्रेसर काढून बिनआवाजाचं यंत्र करता येतं, असाही एक प्रस्ताव बाबांनी मांडला होता. लोक करतात तसं. आईने विचारलं, "जुना म्हणजे कुठला? आपल्याकडे एकच फ्रीज आहे." प्रस्ताव तिथेच बारगळला. शेवटी टाकीवाला तयार कॉम्प्रेसर घेतला. तो गनेपेक्षा महाग पडला, पण आवाज मिक्सरपेक्षा कमी आहे आणि दुपारी दोन ते चार तो लावायचा नाही, असा करार झालाय.

जागा म्हणून मागच्या बाल्कनीत खोकं मांडलं. त्याच्या मागे पंखा आणि पंख्याला बाहेर जाणारा पाइप. अ‍ॅक्रिलिक रंग असले तरी तुषार फुप्फुसांत जायला नकोत. लॅकर असेल तर वाफही असते, आणि तिला धुळीचा साधा मास्क अडवत नाही, कार्बनच्या डब्यांचा लागतो. बाबांनी तो लावल्याशिवाय मला खोक्यासमोर उभं राहू दिलं नाही.

मग रंग पातळ करणं. सगळे सांगतात, दुधासारखा करा. बाबांनी विचारलं, "म्हशीच्या की गाईच्या?" गमतीने नाही, खरंच. त्यांची परीक्षा अशी: वाटीच्या भिंतीवर रंग काडीने वर चढवायचा आणि उतरताना बघायचा. पाण्यासारखा पळाला तर फार पातळ, तो ओघळणार. तिथेच चिकटून बसला तर घट्ट, तो नोझलमध्ये अडकणार. मागे एकसारखा पातळ पडदा सोडत उतरला की झालं. काडी अर्थात माझ्या हातात होती. पण त्यांनी नुसतं बघून "अजून पाच थेंब" म्हणायचं आणि पाच थेंबांनी तो नेमका व्हायचा, हे मी दहा वेळा तरी पाहिलं.

सरावाला प्लॅस्टिकचे पांढरे चमचे घेतले. गोलाई असते, स्वस्त असतात, बिघडले तर रडू येत नाही. पहिला चमचा बाबांनीच घेतला. कोपर टेबलावर टेकवलं, उजव्या मुठीत गन, डावा हात उजव्या मनगटावर. आणि मग त्यांनी केलं ते बघून मला इतके दिवस न सुटलेली एक गोष्ट सुटली.

त्यांनी घोडा चमच्याच्या बाहेर दाबला. रंग सुरू झाला तो हवेत, मग गन एका चालीने चमच्यावरून गेली, पलीकडे बाहेर निघाली आणि तिथे घोडा सुटला. "सुरुवात पार्टच्या बाहेर, शेवट पार्टच्या बाहेर," ते म्हणाले. पेंट शॉपमध्ये नव्या पोरांना पहिल्या दिवशी हेच शिकवायचे, कारण सुरुवातीला आणि शेवटी रंगाचा गोळा पडतो. तो पार्टवर पडू द्यायचा नाही. थरथरीचंही तेच आहे. घोडा ओढताना आणि सोडताना ती सगळ्यात जास्त असते, आणि बाबांच्या पद्धतीत ते दोन्ही क्षण चमच्याच्या बाहेरच संपत होते. मधली चाल खांद्यातून येत होती, बोटांतून नाही. गन चमच्यापासून सात-आठ सेंटिमीटर दूर होती, कुठेही टेकायचं नव्हतं, कुठला नेमका ठिपका गाठायचा नव्हता. एक-दोन मिलिमीटर हात हलला तरी तो फवाऱ्याच्या रुंदीत विरून जात होता. चमचा एकसारखा करडा झाला. माझा पहिला चमचा ओघळला होता, ते जाऊ दे.

हा चमत्कार वगैरे नाही, हे लगेच सांगते. बाबांना बारीक रेघ जमत नाही आणि जमणारही नाही. काही दिवस थरथर इतकी असते की ते खोक्याजवळ येतही नाहीत, आणि आम्हीही विचारत नाही. विमान जवळून रंगवायची वेळ आली की हात पुन्हा आडवा येतो. म्हणून आम्ही कामं वाटून घेतली आहेत. कॉकपिटच्या काचेच्या पट्ट्या झाकायला मास्किंग टेप कापणं माझ्याकडे. कॅमोफ्लाजच्या कडेसाठी चिकट पुट्टीच्या बारीक वळ्या करून विमानावर बसवतात, म्हणजे वळीच्या खाली कड आपोआप धूसर येते आणि बारीक रेघ हाताने मारावीच लागत नाही. त्या वळ्या आई करते. शेवयांचा हात आहे तिचा, सगळ्या एका जाडीच्या येतात. आणि झाकाझाकी झाली की फवारा बाबांचा. मी विमान चिमट्यात धरून फिरवते. म्हणजे आता, बाबा करतात आणि मी बघते.

धुण्याचं काम मात्र त्यांनी कुणाला दिलेलं नाही. गन उघडायची, सुई पुसायची, नोझल थिनरमध्ये टाकायचं. वीस मिनिटं लागतात, त्यांना चाळीस. थाळ्यात फडकं पसरून त्यावर करतात, म्हणजे बारीक भाग निसटला तरी फडक्यावर पडतो. मदत करू का, असं मी एकदाच विचारलं होतं.

तर कुणी पहिला एअरब्रश घेत असेल आणि मला विचारत असेल, तर फ्रीजवरचा कागद अजून खरा आहे. डबल अ‍ॅक्शन, वरची वाटी, ०.३ च्या आसपास, सुटे भाग मिळणारा. फक्त त्या यादीच्या वर एक ओळ घाला: हा धरणार कोण? संधिवाताची बोटं असतील, लहान मुलाचा हात असेल, डावखुरा असेल, थरथरता असेल. शक्य झालं तर विकत घेण्याआधी कुणाचा तरी मागून घ्या आणि ज्याला वापरायचा आहे त्याच्या हातात दहा मिनिटं द्या. दहा मिनिटांत जे कळतं ते नोझलच्या आकड्यात लिहिलेलं नसतं.

आणि नातेवाईक मंडळींना: पुढच्या कार्यात बाबांना वाटी अर्धीच भरून द्या, चमचा मोठा द्या, आणि द्यायचं ते देऊन दुसरीकडे बघा. एवढं पुरेल.

मिग अजून पूर्ण झालेला नाही. खालची बाजू झाली, पंख झाले, शेपटी आणि नाक राहिलंय. वरून लॅकरचा चकचकीत हात द्यायचाय, आणि तो पावसाळ्याआधी झालाच पाहिजे असं बाबांचं म्हणणं आहे. दमट हवेत लॅकर वाळताना पांढरा पडतो म्हणे. त्यामुळे या रविवारी कुणी फोन केलात आणि उचलला गेला नाही, तर काळजी करू नका. दोन वाजायच्या आत शेपटी उरकायची आहे.